भट्टीची फेरी

बाबांनी हात केला आणि मी गाडी थांबवली नाही. झालं ते एवढंच, दोन सेकंदांत झालं, आणि आता ते आरशात मागे मागे लहान होत चाललेत. फाट्याजवळचा पत्र्याचा थांबा, त्याखाली सिमेंटचा बाक, बाकाशेजारी कापडी पिशवी घेऊन उभे असलेले माझे सत्तरी ओलांडलेले वडील, आणि त्यांचा खांद्याच्या वर गेलेला उजवा हात. काटा साठवर. समोर काट्याशेजारी नारिंगी दिवा. दिवा लागून सहा मिनिटं झालीत, चौतीस राहिलीत. ब्रेकवर पाय गेला नाही म्हणण्यापेक्षा पायाला ब्रेक आठवलाच नाही हे जास्त खरं. थांब्यावर माणूस हात करतो आणि मी पुढे निघून जातो, हे मी चौदा महिने दिवसातून चार फेऱ्या करतोय. हात ओळखीचा आहे हे कळलं तोवर थांबा मागे पडला होता.

बस चालवतो मी, पण पॅसेंजर घेत नाही. कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते. आमच्या आगाराच्या गाड्यांना मागे, धुराच्या नळीत, एकेक जाळी बसवलीय. इंजिनाची काजळी तिच्यात अडकते आणि रस्त्यावर येत नाही. छान. पण अडकलेल्या काजळीचं करायचं काय? ती जाळून टाकायची. जाळायला जाळी तापली पाहिजे, तापायला गाडी पळाली पाहिजे, आणि शहरात गाडी पळते कुठे? सिग्नल, थांबा, सिग्नल, कुणाची तरी आडवी लावलेली गाडी. काजळी साठत जाते, इंजिनाला दम लागतो, आणि एक दिवस भर चौकात बस बसते. म्हणून आमच्या फोरमननं तोड काढली. सकाळची गर्दी ओसरली की तुंबलेली गाडी रिकामी बाहेर काढायची, शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर आणायची, साठाचा वेग धरायचा आणि चाळीस मिनिटं धरून ठेवायचा. सिग्नल नाही, चढ नाही, दोन्ही टोकांना पुलाखालून वळसा. आगारात याला भट्टी म्हणतात आणि मला भट्टीवाले. ‘काय भट्टीवाले, आज किती जणांना अग्नी दिलात?’ रोज कुणीतरी विचारतंच, आणि मीही रोज हसतो, कारण न हसणाऱ्याला ते जास्त छळतात.

नियम एकच. दिवा लागला की थांबायचं नाही. जाळी आत लाल झालेली असते. गाडी थांबली की तिच्यातून जाणारा वारा मंदावतो, उष्णता जागच्या जागी कोंडते आणि जाळी तडकते. तडकली की काजळी पुन्हा लोकांच्या नाकात, म्हणजे सगळं मुसळ केरात. दोन महिन्यांपूर्वी माझ्यासमोर एक बाई स्कूटरवरून पडली. मी थांबलो. थांबणार नाही तर काय करणार? मी उतरून तिच्यापर्यंत जाईतो ती उठली होती, पंजाबी ड्रेस झटकत होती. ‘काही नाही झालं काका, तुम्ही जा,’ म्हणाली आणि गेलीसुद्धा. जाळी मात्र गेली. त्याआधीही एक गेली होती, तिच्यात माझा दोष नव्हता, पण कागदावर नाव माझंच. ‘माणुसकी बरोबर आहे हो,’ फोरमन म्हणाले, ‘मी काय नाही म्हणतोय? पण आता तिसरी गेली तर मी काही करू शकणार नाही. वरून गाड्यांच्या धुलाईला पाठवतील तुम्हाला. चाक सुटेल हातातलं.’ फोरमन वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. मी कानाला खडा लावला. त्यानंतर रस्त्यात कुणी पडलं तरी मी बगल देऊन जाईन, असं मी त्या दिवशी स्वतःशी ठरवलं आणि ठरवताना मला काहीच वाटलं नाही.

फाट्याच्या आत छातीचं हॉस्पिटल आहे. बाबांची आज नऊला तपासणी होती. नळीत फुंकायचं, मग काटा किती वर जातो ते बघतात. मी म्हणालो होतो, दोननंतरची वेळ घ्या, मी येतो बरोबर. ‘तुझ्या वेळेला डॉक्टर बसत नाही,’ ते म्हणाले. ‘मी काय लहान आहे?’ मग येताना रिक्षानं या, मी म्हणालो. ‘रिक्षा कशाला? पास आहे माझ्याकडे.’ एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला आमच्याकडे जन्मभराचा पास मिळतो, आणि बाबा त्या पासाच्या जिवावर कुठेही जातात आणि पासाशिवाय कुठेच जात नाहीत. फोन ते घेत नाहीत. माझा फोन फोरमनच्या ड्रॉवरमध्ये; भट्टीच्या वेळी सगळ्यांनी तिथे ठेवायचा. तेव्हा आता मला कुणाला काही विचारायचं असेल तर ते फक्त स्वतःला विचारता येतं, आणि स्वतःला मी तेच विचारतोय. ते का उभे होते?

कारण गेल्या आठवड्यात आमचं वाजलं होतं. वाजलं म्हणजे भांडण नाही, आमच्या घरात भांडण होत नाही, बोलणं थांबतं. मी बूट घालत होतो. ते म्हणाले, ‘थांब्यावरच्या माणसाला टाकून जातोस म्हणे.’ कुणीतरी जुना सहकारी सांगून गेला असणार. मी म्हणालो, बाबा, गाडी सेवेत नसते. पुढे पाटी असते तशी. ‘पण रस्त्यावर असते ना?’ मी म्हणालो, थांबता येत नाही, जाळी जळत असते. ‘रिकामी गाडी, माणूस उन्हात उभा, आणि थांबायचं नाही. ही कसली नोकरी?’ मग जरा वेळानं, ‘मी हात केला तर?’ मी नाडी बांधत होतो. तुम्ही केलात तरी नाही, मी म्हणालो. हसत म्हणालो होतो, पण खाली बघून म्हणालो, त्यामुळे त्यांना हसू दिसलं नसणार. तेव्हापासून मला वाटतंय की ते एक दिवस येतील आणि करून बघतील. आले. बघितलं. म्हातारा हट्टाला पेटला की असाच वागतो, मी मनात म्हणालो, आणि तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. हट्ट असेल तर म्हातारा धडधाकट आहे.

दहाव्या मिनिटाला पुलाखालून वळलो. आता समोरच्या बाजूनं परत. मधे दुभाजक, त्यावर कण्हेरीची झुडपं, त्यामुळे त्या बाजूचा थांबा दिसेल पण थांबता येणार नाही. यात एक सोय होती. थांबता येत नाही तिथे थांबलो नाही याचं ओझं नसतं. मागे सगळी रिकामी बाकडी खडखडत होती. भरलेली बस आवाज करत नाही, माणसं तो आवाज पिऊन टाकतात. रिकामी बस नुसती कुरकुरते, आणि चाळीस मिनिटं ते ऐकत बसलं की आपल्याच डोक्यात कुणीतरी सामान हलवतंय असं वाटायला लागतं. वास असतो एक, तापलेल्या लोखंडाचा. पहिले काही महिने घरी गेल्यावर बायको म्हणायची, कपड्यांना इस्त्रीचा वास येतो. आता तीही म्हणत नाही.

लहानपणी आमच्या न्हाणीघरात दोन बादल्या असत. एकीत सगळ्यांचे कपडे, दुसरीत बाबांचे रुमाल. सकाळी पांढरा रुमाल घेऊन जायचे आणि संध्याकाळी काळा घेऊन यायचे, मधे त्यांनी फक्त तोंड पुसलेलं असायचं. आई ते रुमाल वेगळे भिजवायची आणि पाणी इतकं काळं व्हायचं की तळ दिसायचा नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच बापांच्या रुमालाचं पाणी असं होतं. मग शाळेत कळलं, तसं नसतं. शाळेसमोरून बाबांची गाडी जायची तेव्हा मागे हा एवढा काळा लोट सुटायचा, पोरं नाकं धरून ओरडायची, आणि मीही नाक धरून ओरडायचो. आत कोण बसलंय हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी मात्र मला त्या पोरांत ओळखलं होतं. घरी आल्यावर म्हणाले, ‘तोंड उघडं ठेवून ओरडू नये, जास्त आत जातं.’ एवढंच म्हणाले. मला त्याची अजून लाज वाटते.

पण धुराचं सोडा, थांब्याच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही. हात दिसला की गाडी थांबली. वीस पावलं लांबून कुणी धावत येत असेल तरी थांबली. कंडक्टर वैतागायचे. ‘मालक, ही बस आहे, घरची गाडी नाही,’ म्हणायचे. बाबांचं म्हणणं एकच: मागे राहिलेला माणूस आरशात दिसतो, आणि दिसला की दिवसभर दिसत राहतो. मला ते तेव्हा नाटकी वाटायचं. चौदा महिन्यांत मी किती हात मागे टाकले असतील? दिवसाला चार फेऱ्या, फेरीला चार-पाच थांबे, थांब्यावर एखाददुसरा माणूस. नको. मला एकही आठवत नाही, आणि आरसा मी फक्त लेन बदलताना बघतो.

चौदाव्या मिनिटाला थांबा दुभाजकापलीकडे आला. ते बाकावर बसले होते. मी दोनदा लाईट मारले. त्यांनी मान वर केली, क्षणभर नुसतं बघितलं, आणि मग हात पुढे करून तळवा आडवा हलवला. माझ्या जिवात जीव आला. ही जुन्या ड्रायव्हरांची खूण आहे. समोरासमोर दोन बस भेटल्या की मूठ दाखवली तर पुढे तपासणी आहे, बोट खाली केलं तर रस्ता खराब आहे, आणि तळवा आडवा हलवला तर सगळं ठीक, जा. सगळं ठीक, जा. मी मोठ्यानं हसलो, रिकाम्या गाडीत. म्हणजे हट्टच. बसू दे म्हाताऱ्याला, येईल तासाची सर्व्हिस गाडी, पास दाखवून जाईल घरी, आणि संध्याकाळी मला ऐकवेल. मी उत्तरंसुद्धा जुळवायला लागलो.

आणि मग पुलाखालच्या वळणावर, अठराव्या मिनिटाला, मला ती पायरी आठवली. आई गेली त्या दिवशी मला आगारात निरोप आला होता, तब्येत जास्त आहे, या. मी हॉस्पिटलचा जिना चढत होतो. वर कठड्याशी बाबा उभे होते. मी खालूनच मान उडवून विचारलं, काय? त्यांनी तळवा आडवा हलवला. मी निवांत झालो, एकेक पायरी चढत गेलो, मधे थांबून बुटाची नाडीसुद्धा बांधली. आई जाऊन तेव्हा अर्धा तास झाला होता. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही ठीक आहे असं का सांगितलंत? ते गोंधळले. ‘मी कधी सांगितलं?’ म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. एकतीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती खूण केलेला हात तो, समोरून कुणी आलं की आपोआप हलतो. घराला आग लागली असती तरी हलला असता.

बाविसाव्या मिनिटाला मी पुन्हा त्यांच्या बाजूनं आलो. या वेळी त्यांनी हात केला नाही. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, तोंड किंचित उघडं. दम लागलेली माणसं अशी बसतात, डॉक्टरनंच शिकवलंय त्यांना, असं बसलं की छातीला जागा मिळते. काटा साठवर. अठरा मिनिटं. मी थांबलो नाही. हे मी आता काही लपवून सांगत नाही, मी सगळं बघितलं, मला सगळं समजलं, आणि मी थांबलो नाही. एक मन म्हणत होतं, अठरा मिनिटांनी काय बिघडतंय. दुसरं म्हणत होतं, जाळी बिघडते. दोन्ही मनं फोरमनच्या बाजूची निघाली. परवा रात्रीच्या जेवणानंतर बाबा म्हणाले होते, ‘मलाही ने की एकदा तुझ्या भट्टीला. चाळीस मिनिटं पळव साठनं. छातीतलं सगळं साफ होईल.’ स्वतःच हसले, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत मी आणि बायको ताटांकडे बघत बसलो. मी रोज चार गाड्यांच्या छात्या जाळून साफ करतो. माझ्या बापाच्या छातीत जे आहे ते तिथेच राहणार आहे. याचा मला संताप येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

तिसाव्या मिनिटाला पलीकडून बघतो तर थांब्यावर लाल सर्व्हिस गाडी उभी. तिच्याआड बाक दिसत नव्हता. सुटलो. चढले असतील, पुढच्या सीटवर बसले असतील, ड्रायव्हरला सांगत असतील की कुठला गिअर कधी टाकायचा. वळसा घेताना मी गुणगुणतसुद्धा होतो. पुलाखालच्या सावलीतून बाहेर आलो, सहा मिनिटं राहिली होती, ऊन चांगलं पडलं होतं आणि रस्ता मोकळा होता. मग थांबा दिसायला लागला, आणि बाक, आणि बाकावर ते.

गाडी येऊन गेली होती आणि ते चढले नव्हते. याचा अर्थ लावायला काही अक्कल लागत नाही. पास खिशात असलेला माझा बाप समोर उभी राहिलेली गाडी सोडतो, म्हणजे त्याला उठता आलं नाही. मी पाय उचलला. गेली तिसरी जाळी तर गेली. धुलाईला तर धुलाईला. काटा पंचावन्नवर आला, पन्नासवर आला, आणि तेवढ्यात बाबा उठले. थांब्याच्या खांबाला धरून उठले, अर्धे वाकलेले, आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा आडवा. मग मी तरीही हळू होतोय हे बघून त्यांनी तोच तळवा जोरात पुढे ढकलला. जा. जा म्हणतोय ना. माझा पाय खाली गेला. लहानपणापासून त्यांनी जा म्हटलं की मी जातो. शाळेत, दुकानात, आईच्या खोलीबाहेर. काटा साठवर आला. ते बाजूच्या काचेतून सरकत मागे गेले. दोन मिनिटांनी दिवा विझला.

दिवा विझला, पण वळायला जागा नव्हती. पुढच्या पुलापर्यंत, मग मागच्या पुलापर्यंत, मग फाटा. तेरा-चौदा मिनिटं. आमच्या गाड्यांना पासष्टच्या वर जाऊच देत नाहीत, आत काहीतरी बांधून ठेवलंय. मी पाय तळाला टेकवून बसलो होतो आणि गाडी तिच्या पासष्टनं चालली होती. त्या तेरा-चौदा मिनिटांत मी देवाला काहीबाही कबूल केलं, फोरमनला शिव्या दिल्या, आणि दोनदा मोठ्यानं म्हणालो, का थांबला नाहीस?

ते बसलेले होते. डोळे उघडे होते. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी दार उघडून खाली उडीच मारली.

‘झाली?’ त्यांनी विचारलं.

‘झाली.’

‘दिवा?’

‘विझला.’

‘मग बरं झालं.’ एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले.

‘त्या गाडीत का नाही चढलात?’

‘पायरी उंच वाटली. लोकांचा खोळंबा कशाला.’

‘आणि मला जा का म्हणालात? मी थांबत होतो.’

‘तुझ्या मागे हवा थरथरत होती रे. भट्टी लागलेली दिसते की. जळत्या जाळीत थांबायचं नाही, तूच सांगितलंस.’

मला वाटलं होतं ते काहीतरी लागेल असं बोलतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. ‘आणि पहिल्यांदा?’ मी म्हणालो. ‘पहिल्यांदा हात केलात तेव्हा? मला बघायला केलात ना?’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘तो तू होतास?’ म्हणाले. ‘मला वाटलं सर्व्हिसची आहे. चष्मा पिशवीत होता, पाटी दिसली नाही. लाईट मारलेस तेव्हा कळलं.’

म्हणजे त्यांनी मला हात केलाच नव्हता. आठवडाभर मी जे भांडण मनात घोळवत होतो ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. एका माणसाला दम लागला होता, त्यानं एका बसला हात केला होता. त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. पुन्हा आत हॉस्पिटलात जाऊ म्हटलं तर ‘तिथूनच आलोय, घरी चल,’ म्हणाले; मी त्यांना काखेत धरून चढवलं. पहिल्या पायरीला थांबलो, दुसरीला थांबलो. आत आल्यावर त्यांनी वरच्या खिशातून पास काढून मला दाखवला, सवयीनं, आणि मग स्वतःच ओशाळून ठेवून दिला. पुढच्या सीटवर बसले. रुमालानं तोंड पुसलं. तासभर रस्त्याच्या कडेला बसले होते, पण रुमाल पांढरा होता, निदान बराचसा.

‘डॉक्टर काय म्हणाले?’ मी गाडी काढताना विचारलं.

‘तिसरा हिस्सा दम उरलाय म्हणाले. पुरवून वापरा.’ ते हसले, पण खोकला येईल म्हणून लगेच थांबले. मग खिडकीबाहेर बघत, गाडीचा आवाज ऐकत बसले. ‘चांगली पळते,’ म्हणाले. ‘धूर नाही अजिबात. मी मागून बघत होतो, प्रत्येक वेळी. तुझ्या आईला दाखवायला हवी होती.’ मी हो म्हणालो.

पुढचा थांबा दोन किलोमीटरवर आहे. तिथे एक बाई उभी होती, कडेवर मूल, पायाशी पत्र्याचा डबा. तिनं लांबूनच हात केला. मी बघितलं. दिवा विझलेला होता, जाळी साफ होती, मागे सगळी बाकडी रिकामी होती, थांबायला कसलीच हरकत नव्हती. थांबावं असं माझ्या मनात आलं, स्पष्ट आलं. पाय हलला नाही. बाई काचेतून सरकली, हात अजून वर असलेली, आणि मागे गेली.

बाबांनी मान वळवून मागे बघितलं. मागच्या काचेतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग सरळ होऊन बसले आणि समोरच्या दिव्यांकडे वाकून, चष्मा लावून, नीट निरखून बघितलं.

‘दिवा विझलाय ना रे?’ त्यांनी विचारलं.

‘हो बाबा,’ मी म्हणालो. काटा साठवर होता.